कामचलाऊ

काही शब्द जन्मभर दुय्यम पंक्तीला बसतात. 'कामचलाऊ' हा त्यांपैकी एक. शब्दाची फोड केली तर तीत निंदा कोठेच सापडत नाही. काम चालवतो तो कामचलाऊ, इतका सरळ अर्थ. पण उच्चारताना आपला ओठ किंचित वाकडा होतो, आणि 'खरे म्हणजे हे असे असायला नको होते' हे न बोललेले वाक्य त्या शब्दामागे उभे राहते. तीस वर्षे सरकारी शाळांतून काढल्यामुळे या शब्दाशी माझा घरोबा जरा अधिकच आहे. आमच्या इमारती कामचलाऊ, बाके कामचलाऊ, पुष्कळदा शिक्षकही कामचलाऊ. त्यांना आता 'अतिथी शिक्षक' असे भारदस्त नाव मिळाले आहे, एवढाच काय तो फरक. एम. ए. मी मराठी घेऊन झालो, पण शिकवीत आलो हिंदी आणि सामाजिक शास्त्र. म्हणजे तेथेही कामचलाऊपण सुटले नाहीच.

म्हणूनच की काय, गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत दुसऱ्या महायुद्धातील सागरी लढ्यांवरची पुस्तके चाळत असता माझे मन बिस्मार्क, यामाटो अशा अजस्र युद्धनौकांवर फारसे ठरले नाही. ते रमले एका अगदी वेगळ्या जातीच्या नौकांत. इंग्रजीत त्यांना 'एस्कॉर्ट कॅरिअर' म्हणत. मराठीत 'संरक्षक विमानवाहू नौका' म्हणावे लागेल. पण लहान मुलाने वडिलांचा कोट अंगात घालावा तसे हे नाव त्यांना ढगळ होते. मुळात ही साधी मालवाहू जहाजे. वरचे डोलारे कापून टाकायचे, त्या जागी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट छप्पर ठोकायचे आणि त्या छपरावरून विमाने उडवायची आणि तेथेच उतरवायची. चिलखत नाही, वेग बेताचा, आकार तोकडा. खलाशी त्यांची यथेच्छ थट्टा करीत. इंग्रज त्यांना स्वस्त मालाच्या दुकानावरून 'वुलवर्थ कॅरिअर' म्हणत. अमेरिकन नौदलात या वर्गाची आद्याक्षरे होती सी-व्ही-ई. त्यांचा खलाशांनी लावलेला अर्थ असा, की पेटणारी, फुटणारी आणि खर्ची घालण्याजोगी.

ग्वाल्हेरच्या माणसाने समुद्रावर लिहावे हे वाचकांना जरा गमतीचे वाटेल. आमच्या गावाला समुद्र तर नाहीच, नदीही जवळजवळ नावापुरतीच. परंतु व्यापारी जहाजाला युद्धाच्या कामी जुंपण्याची एक गोष्ट आमच्याही इतिहासात आहे. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, १९१४ च्या अखेरीस, माधवराव महाराज शिंदे यांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे उतारूंचे जुने जहाज विकत घेतले आणि 'लॉयल्टी' या नव्या नावाने ते रुग्णनौका म्हणून सरकारला दिले. युद्ध संपल्यावर ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने घेतले, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तेच मुंबईहून लंडनला निघाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण अजूनही राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. तेव्हा एकाच जहाजाने उतारू, जखमी सैनिक आणि व्यापार अशी तीन आयुष्ये जगावी, यात ग्वाल्हेरकराला नवल वाटण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९४० नंतर ब्रिटन जगत होते ते समुद्रावरून येणाऱ्या धान्यावर, तेलावर आणि शस्त्रांवर. जर्मनीच्या पाणबुड्या ही रसद बुडवीत होत्या. एकेकट्या जहाजाला गाठणे पाणबुडीला सोपे, म्हणून तीस-चाळीस जहाजे एकत्र बांधून, भोवती लहान युद्धनौकांचे कडे ठेवून ती चालवीत. यासाठी इंग्रजीत 'कॉन्व्हॉय' हा शब्द आहे; मला 'तांडा' हा आपला शब्द अधिक जवळचा वाटतो. शेकडो बैलांवर धान्य लादून फौजांच्या मागे चालणारे बंजारे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. १८०३ साली वेलस्लीची फौज दख्खनमध्ये मराठ्यांविरुद्ध लढली, तेव्हा तिच्या पोटाची सोयही पुष्कळशी याच बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. तांडा नेहमी त्यातल्या सर्वांत मंद बैलाच्या चालीने चालतो; अटलांटिकमधला तांडाही त्यातल्या सर्वांत मंद जहाजाच्या गतीनेच जाई.

पाणबुडीला सर्वांत अधिक धास्ती असे ती विमानाची. त्या काळच्या पाणबुड्या खऱ्या अर्थाने पाण्याखाली राहणाऱ्या नव्हत्या. त्यांचा बहुतेक प्रवास पृष्ठभागावरून होई. पाण्याखाली त्यांची गती माणसाच्या जलद चालण्याहून फारशी अधिक नसे, आणि बॅटऱ्या संपल्या की वर यावेच लागे. वर विमान घिरट्या घालीत असले की पाणबुडीला बुडी मारावी लागे. बुडी मारली की ती आंधळी आणि पांगळी होई आणि तांडा तिच्या हातून निसटे. म्हणजे विमानाने पाणबुडी बुडवलीच पाहिजे असे नव्हते. तिला खाली दाबून ठेवले तरी काम झाले. परंतु किनाऱ्यावरून उडणारी विमाने अटलांटिकच्या मध्यापर्यंत पोहोचत नसत. शेकडो मैलांचा तो पट्टा उघड्यावर पडलेला होता, आणि पाणबुड्या तेथेच दबा धरून बसत. एकट्या १९४२ सालात पाणबुड्यांनी हजाराहून अधिक जहाजे बुडवली.

या जहाजांवर आपली माणसे होती, हे मात्र युद्धाच्या इंग्रजी पुस्तकांत शोधून काढावे लागते. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा फार मोठा खलाशी वर्ग हिंदी होता. वरच्या डेकवर रत्नागिरीकडचे आणि काठेवाडचे, इंजिनखोलीत कोळसा ओढणारे सिल्हेटचे आणि पंजाबकडचे, उतारूंच्या जेवणघरात गोव्याचे. पाणतीर बहुधा इंजिनखोलीच्या पोटातच लागे, त्यामुळे तिथल्या माणसाला वर येण्यास सवडच नसे. मुंबई आणि चितगाव येथील स्मारकांत अखंड हिंदुस्थानच्या सहा हजारांहून अधिक व्यापारी खलाशांची नोंद आहे. मोठमोठ्या लढायांत कोण जिंकले, हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण होता. आपल्या तांड्यावर विमान आहे की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न.

त्यावर निघालेला पहिला तोडगा तर अघोरीच म्हणावा लागेल. मालवाहू जहाजाच्या नाळेवर एक गोफण बसवीत आणि तीत एक हरिकेन लढाऊ विमान. शत्रूचे टेहळणी विमान दिसले की ते गोफणीतून भिरकावून द्यायचे. उतरायला मात्र जागा नाही. काम झाले की वैमानिकाने छत्री घेऊन उडी मारायची नाहीतर विमानच समुद्रावर आपटायचे, आणि कोणी वर काढीपर्यंत थंडगार पाण्यात तग धरायचा. एका उड्डाणाला एक विमान, असा तो हिशेब.

मग 'ऑडॅसिटी' आली. या जहाजाची कुळकथा एखाद्या कादंबरीत शोभावी. मूळ नाव 'हॅनोव्हर', मालक नॉर्डडॉयचर लॉइड ही जर्मन कंपनी, जन्म १९३९ चा. मार्च १९४० मध्ये कॅरिबियन समुद्रात ब्रिटिश आणि कॅनेडियन युद्धनौकांनी ते गाठले. जर्मन खलाशांनी ते पेटवून दिले आणि बुडवण्याचाही प्रयत्न केला. तरी पकडणाऱ्यांनी जळते जहाज ओढीत जमैकाला नेले. त्याचे नाव प्रथम 'सिंदबाद' ठेवले. (नाव ठेवणारा मोठा रसिक असला पाहिजे; सातही सफरींत जहाज गमावणाऱ्या माणसाचे नाव जहाजाला द्यायचे म्हणजे कमाल झाली.) पुढे १९४१ साली त्यावर सपाट छप्पर चढले आणि जून महिन्यात ते नौदलात दाखल झाले. छपराची लांबी सुमारे साडेचारशे फूट. २०२२ साली आपल्या नौदलात आलेली नवी 'विक्रांत' २६२ मीटर लांब आहे. 'ऑडॅसिटी' तिच्या जेमतेम निम्मी. खाली विमाने ठेवण्याचा हँगर नव्हता. सहा-आठ मार्टलेट विमाने छपरावरच उघड्यावर बांधून ठेवीत, आणि यांत्रिक रात्रीच्या काळोखात, हातबत्तीचा उजेड झाकून, वारा-पाण्यात त्यांची दुरुस्ती करीत. उलट वैमानिकांची मात्र चैन होती. 'हॅनोव्हर'च्या उतारूंसाठी केलेल्या सुरेख खोल्या तशाच राहिल्या होत्या, स्वतंत्र न्हाणीघरासकट!

१४ डिसेंबर १९४१ रोजी ३२ व्यापारी जहाजांचा एक तांडा जिब्राल्टरहून इंग्लंडकडे निघाला. संरक्षणाचे नेतृत्व कमांडर वॉकर यांच्याकडे होते आणि तांड्याबरोबर 'ऑडॅसिटी' होती. पुढचा आठवडाभर जर्मन पाणबुड्या आणि लांब पल्ल्याची फोके-वुल्फ विमाने या तांड्यावर तुटून पडत होती. 'ऑडॅसिटी'ची मूठभर विमाने उजाडल्यापासून मावळेपर्यंत उडत. त्यांनी टेहळणीची विमाने पाडली, पाणबुड्या दिसताच वॉकरना कळवल्या. १७ तारखेला अशाच खबरीवरून गाठलेली एक पाणबुडी बुडाली, पण तिच्यावर झेपावलेला एक वैमानिकही तिच्या तोफांना बळी पडला. २१ डिसेंबरच्या रात्री 'ऑडॅसिटी' तांड्यापासून अलग होऊन चालली होती. तांड्यातील जहाजांनी उडवलेल्या प्रकाशबाणांच्या उजेडात तिची आकृती उठून दिसली आणि यू-७५१ या पाणबुडीने पाणतीर सोडून तिला बुडवले. ७३ माणसे गेली. जहाजाचे नौदलातले आयुष्य अवघे सहा महिन्यांचे.

वाचलेल्यांत एरिक ब्राउन नावाचा एक तरुण वैमानिक होता. पुढे त्याने विमानवाहू नौकांवर २,४०७ वेळा विमान उतरवले. हा विक्रम आहे. २०१६ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी तो वारला. त्या तोकड्या, डुलणाऱ्या छपरावर ज्याने हात बसवला, त्याला पुढे अवघड असे काय वाटणार!

आता जमाखर्च मांडू. जर्मनांनी या मोहिमेत पाच पाणबुड्या गमावल्या. ब्रिटिशांची 'ऑडॅसिटी' गेली, 'स्टॅन्ली' ही विनाशिका गेली, आणि ३२ पैकी दोन व्यापारी जहाजे गेली. इतिहासकार या लढाईविषयी लिहितात ते पाच पाणबुड्यांविषयी. मला मात्र त्या उरलेल्या तीस जहाजांपाशी थांबावेसे वाटते. ती बंदरात पोहोचली, माल उतरला, खलाशांनी पगार घेतला. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काहीच घडले नाही. रक्षण करणाऱ्याचे यश असेच असते. जे घडले नाही ते त्याचे यश, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. आमच्या खात्याकडे वर्षाकाठी जे तक्ते भरून पाठवावे लागतात, त्यांत 'गुणवत्ता यादीत आलेले' असा रकाना असतो. आठवीतून नववीत, नववीतून दहावीत नुसती पोहोचलेली, मध्येच न बुडालेली मुले कोठल्या रकान्यात लिहायची, हे मला कोणी अद्याप सांगितलेले नाही.

'ऑडॅसिटी' बुडाली, पण तिने सिद्ध केलेली गोष्ट बुडाली नाही. पुढची दोन वर्षे अमेरिकेच्या गोद्यांतून अशा नौकांची रीघ लागली. दरम्यान इंग्रजांनी आणखी एक युक्ती केली, आणि साऱ्या प्रकरणात मला तीच सर्वांत आवडते. धान्याची आणि तेलाची काही जहाजे त्यांनी निवडली. धान्य आणि तेल दोन्ही नळ्यांतून पोटात भरता येतात. त्यांना वर मोठी दारे आणि याऱ्या लागत नाहीत. तेव्हा वरचा भाग मोकळा करून त्यावर विमानांचे छप्पर घातले तरी पोटातला माल जसाच्या तसा! १९४३ पासून अशी १९ जहाजे तांड्यांबरोबर चालू लागली. खाली गहू, वर विमाने. कप्तान व्यापारी जहाजाचाच, खलाशीही त्याचेच. नौदलाचे म्हणून तेवढे वैमानिक आणि त्यांची माणसे. काही थट्टेखोरांनी विमानांवरची 'रॉयल नेव्ही' ही अक्षरे खोडून तेथे 'मर्चंट नेव्ही' असे रंगवले होते म्हणतात.

विमानेही तशीच. 'स्वॉर्डफिश' नावाची, दोन जोड पंखांची, कापडाने मढवलेली, दिसायला मागच्या युद्धातली. 'दोऱ्यांची पिशवी' हे तिचे टोपणनाव. पण तिचा दोष म्हणून जो सांगितला जाई, तो मंदपणाच येथे गुण ठरला. लहान छपरावर आणि संथ चालणाऱ्या जहाजावर वेगवान विमान उतरवणे जिवावरचे. ही म्हातारी मात्र वाऱ्यावर तरंगत येऊन अलगद टेके.

१९४३ च्या मार्चमध्ये दोन तांड्यांतील मिळून २२ जहाजे एकाच झुंजीत बुडाली होती. त्यानंतर दोनच महिन्यांत पारडे फिरले. मे महिन्यात जर्मनांनी ४१ पाणबुड्या गमावल्या, आणि २४ मे रोजी त्यांचे नौदलप्रमुख ड्योनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून आपल्या पाणबुड्या मागे घेतल्या. त्याच महिन्यात बुडालेल्या एका पाणबुडीवर त्यांचा धाकटा मुलगाही होता. हे सारे श्रेय आमच्या कामचलाऊ जहाजांचे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने आली होती, रडार सुधारले होते, जर्मनांचे सांकेतिक संदेश उकलले जात होते. पण अटलांटिकमधला तो उघडा पट्टा बुजवण्यात 'बोग', 'बायटर', 'आर्चर' या छोट्या नौकांचा वाटा ठसठशीत आहे.

विमाने वाहून नेण्याचे काम हे त्याहूनही निरस, आणि म्हणून त्याहूनही विसरले गेलेले. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकनांनी ग्वादलकनाल बेटावर सैन्य उतरवले, धावपट्टी हाती आली, परंतु तिच्यावर विमान एकही नाही. २० तारखेला 'लाँग आयलंड' या नौकेने जवळच्या समुद्रातून ३१ विमाने उडवून त्या धावपट्टीवर पाठवली आणि ती परत फिरली. ही 'लाँग आयलंड' म्हणजे पूर्वीचे 'मॉर्मकमेल' नावाचे मालवाहू जहाज. त्या बेटाची लढाई पुढे सहा महिने गाजली. 'लाँग आयलंड'चे नाव त्यात एका ओळीपुरते येते. पॅसिफिकमध्ये पुढे मोठ्या आरमाराच्या मागोमाग अशा नौका विमानांनी भरून उभ्या असत, आणि लढाईत गेलेल्या विमानांची भर भरसमुद्रात घालीत.

येथवर वाचून कोणाला वाटेल, की मी कामचलाऊपणाचे स्तोत्र गाऊ लागलो आहे. माझे थोरले बंधू बांधकामाच्या खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांच्याजवळ मी या जहाजांची अशीच तारीफ करीत होतो. सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "अरे, ते सगळं ठीक. पण पेट्रोल कुठं ठेवलं होतं, ते सांग."

दादांचा प्रश्न वर्मावर होता. मालवाहू जहाजाच्या पोटात विमानांचे पेट्रोल आणि बाँब भरले, तरी ते पोट मालवाहू जहाजाचेच राहते. १५ नोव्हेंबर १९४२ रोजी 'ॲव्हेंजर' या नौकेला एक पाणतीर लागला आणि बाँबचे कोठार पेटले; ५१६ माणसे गेली, १२ वाचली. २७ मार्च १९४३ रोजी 'डॅशर' स्कॉटलंडच्या क्लाइड खाडीत, शत्रूचा मागमूस नसताना, पेट्रोलच्या वाफेचा भडका उडून काही मिनिटांत बुडाली; ५२८ पैकी ३७९ माणसे मेली, आणि बातमी दाबून ठेवण्यात आली. २४ नोव्हेंबर १९४३ रोजी पॅसिफिकमध्ये 'लिस्कम बे' बाँबच्या कोठाराजवळ पाणतीर लागून तेवीस मिनिटांत गेली, ६४४ माणसे. खलाशांच्या त्या थट्टेतला शेवटचा शब्द, 'खर्ची घालण्याजोगी', नुसती थट्टा नव्हती.

'डॅशर'नंतर इंग्रजांनी अमेरिकेहून आलेल्या प्रत्येक नौकेत पेट्रोलची व्यवस्था बदलण्याचा आग्रह धरला. त्यात महिनेच्या महिने जात. अमेरिकनांची तक्रार अशी, की आम्ही घाईघाईने जहाजे बांधून देतो आणि तुम्ही ती गोदीत घालून बसता. तिकडे तांडे उघड्यावर बुडत आहेत. दोघांचेही म्हणणे खरे होते. हा वाद वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो, कारण हाच वाद मी स्वतःशी घालीत होतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी तहसिलीच्या एका गावी धान्याच्या जुन्या गोदामात शिकवीत असे. शाळा 'तात्पुरती' तेथे हलवलेली होती. मी सोडून आलो तोवर तिला अकरा वर्षे झाली होती. एका जुलै महिन्यात वावटळीत छपराचे तीन पत्रे उडाले आणि एक पत्रा सातवीतल्या मुलाच्या कपाळाला चाटून गेला. त्याला खांद्यावर घेऊन मी दवाखान्यात पळालो. सात टाके पडले. बाप दुसऱ्या दिवशी आला, तक्रार करायला नव्हे, तर 'शाळा बंद तर नाही ना करणार?' हे विचारायला.

यंदा माझ्या शाळेत नववीला मुलींचे प्रवेश एकाएकी वाढले. आसपासच्या खेड्यांतल्या त्या मुली. दुसरी शाळा नऊ किलोमीटरवर. वर्ग नव्हता. आवारात पत्र्याचे एक जुने भांडारगृह होते, ते वापरा असे वरून सुचवले गेले. पत्रे नव्या आकड्यांनी आवळल्याखेरीज आणि विजेच्या तारा बदलल्याखेरीज तेथे वर्ग भरणार नाही, असे मी लिहून कळवले. या कामाला सतरा दिवस लागले. पालक रागावले, सहकारी म्हणाले, 'सर, दोन महिने काढू, मग पाहू.' त्या सतरा दिवसांत चार मुली यायच्या बंद झाल्या. घरोघर जाऊन तिघींना परत आणले. चौथी मामाकडे गेली आहे, सोयाबीनच्या कापणीला. ती येईल असे तिची आई सांगते. छप्पर आज पक्के आहे. दादांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, आणि तिचे नाव विचारले.

घाईचाही एक पराक्रम असतो, हेही खरेच. हेन्री कायझर हा रस्ते आणि धरणे बांधणारा ठेकेदार, जहाजबांधणीत नवखा. वॉशिंग्टन राज्यातील व्हँकूव्हर येथील गोदीत त्याने एका वर्षात, जुलै १९४३ ते जुलै १९४४, अशा ५० नौका बांधून दिल्या. त्यांना टर्बाइन मिळेनात, तर जुन्या पद्धतीची वाफेची इंजिने बसवली. त्यांतल्याच काही २५ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपाइन्सच्या समार बेटाजवळ, केवळ दैवयोगाने, यामाटोसह आलेल्या जपानी आरमारासमोर सापडल्या. अशा सहा छोट्या नौका, पळू म्हटले तर वेग नाही, लढू म्हटले तर तोफ एकेकच. त्यांच्या विमानांनी आणि सोबतच्या विनाशिकांनी इतके निकराचे हल्ले चढवले, की शेवटी जपानी सेनापती माघारी वळला. जाड चिलखत फोडण्यासाठी केलेले जपानी गोळे या जहाजांच्या पातळ पत्र्यांतून न फुटताच पलीकडे निघून जात. तरीही 'गॅम्बिअर बे' तोफांनी बुडाली, आणि त्याच दिवशी 'सेंट लो' आत्मघाती विमानाने.

इंग्रजांना मिळालेल्या नौकांची नावे वाचताना मात्र मला हसू आवरले नाही. अमेरिकेच्या टाकोमा बंदरात बांधलेल्या या पत्र्याच्या संसाराला त्यांनी बऱ्याच अंशी राज्यकर्त्यांच्या पदव्या बहाल केल्या होत्या: 'राजा', 'राणी', 'बेगम', 'शाह', 'अमीर', 'नबाब'. संस्थानी गावात वाढलेल्या माणसाला हा दरबार ओळखीचा वाटतो. एक नाव तर इंग्रजी अक्षरांत हुबेहूब आपले ठाणे. पण तो 'थेन', मॅकबेथ नाटकातला सरदार, मुंबईजवळचे ठाणे नव्हे. 'बेगम' आणि 'शाह' हिंदी महासागरात आल्या होत्या. ऑगस्ट १९४४ मध्ये सेशेल्स बेटांकडे त्यांच्या गटाने यू-१९८ या पाणबुडीचा माग काढला, आणि १२ तारखेला तिला बुडवणाऱ्या दोन नौकांपैकी एक आपल्या रॉयल इंडियन नेव्हीची 'गोदावरी' होती.

'नबाब'ची कथा सांगून थांबतो. नौका ब्रिटिश, बांधणी अमेरिकन, खलाशी बहुतेक कॅनेडियन. २२ ऑगस्ट १९४४ रोजी नॉर्वेच्या उत्तरेस तिला पाणतीर लागला. २१ माणसे गेली आणि कुशीला एखादे घर मावेल एवढे भगदाड पडले. तरी ती स्वतःच्या इंजिनावर हजार मैलांहून अधिक अंतर कापून स्कॉटलंडच्या स्कापा फ्लो बंदरात परतली. युद्धानंतर तिला मोडीत काढायला म्हणून विकले. पण घेणाऱ्यांनी ती मोडली नाही. छप्पर उतरवून तिचे पुन्हा मालवाहू जहाज केले, आणि १९५२ साली ती एका जर्मन कंपनीच्या ताफ्यात दाखल झाली, 'नबाब' याच नावाने. ती कंपनी म्हणजे नॉर्डडॉयचर लॉइड, जिचे 'हॅनोव्हर' जहाज बारा वर्षांपूर्वी जळत्या स्थितीत इंग्रजांनी ओढून नेले होते. कंपनीने तिच्यावर माल भरला, आणि दर्यावर्दी व्हायला निघालेल्या तरुण जर्मन मुलांना जहाज चालवण्याचे शिक्षण देण्यासाठीही तीच नेमली.